तो थोर पुरुष आम्ही नव्हे

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले भाषण, स्मरणिकेसाठी लिहून काढलेले)



मंडळाच्या चिटणिसांनी या भाषणाकरिता विषय निवडण्याची मोकळीक आम्हास दिली, याबद्दल प्रथम त्यांचे आभार मानतो. सकाळच्या सत्रात विद्यार्थी साहाय्यक निधी, वसतिगृहाची दुरुस्ती आणि वधूवर सूचक केंद्राचा अहवाल असे तीन भारदस्त विषय होऊन गेले. त्यानंतर भोजनही यथास्थित झाले. अशा वेळी श्रोत्यांच्या पापण्या जड झाल्या तर तो त्यांचा अपराध नव्हे. तो जिलबीचा व मठ्ठ्याचा प्रभाव होय. म्हणून दिसण्यात हलका, पण थोडे खणले असता खाली पाणी लागेल, असा एक विषय आम्ही निवडला आहे. परक्या माणसाने आपल्याला भलताच कोणी थोर पुरुष समजावे, तेव्हा आपण काय करावे, हा तो विषय.

जगात एकासारखी सात माणसे असतात असे आपल्या आज्या सांगत असत. उरलेली सहा कोठे आहेत याचा शोध कोणी घेत नाही. पण त्यांतील एखादा नामांकित निघाला की आपला शोध इतर लोकच लावतात. आपल्या ज्ञातीत असे एकही घर नसेल की ज्यातील कोणा काकांना, मामांना वा आत्याबाईंना आयुष्यात एकदा तरी "आपल्याला कोठेतरी पाहिले आहे" असे कोणी म्हटले नसेल. त्या वाक्यापुढे बहुधा एखाद्या गवयाचे, पुढाऱ्याचे किंवा नटाचे नाव येते, आणि पुढे चार दिवस घरातील मंडळी त्या काकांची थट्टा करतात. काका वरकरणी रागावतात. पण आरशापुढे त्या दिवसापासून किंचित अधिक वेळ उभे राहतात!

तोंडावळ्याची गोष्ट दैवाधीन आहे. परंतु दुसऱ्या एका बाबतीत ही चूक आपल्याकडे अगदी घरबसल्या घडते, ती म्हणजे आडनावाच्या बाबतीत. कोणत्याही ज्ञातीची आडनावे मोजकीच असतात. त्यांतील एखाद्याने नाव काढले की बाकीच्या शंभर घरांच्या दारावरील पाटीला एकदम झळाळी येते. कचेरीत, बँकेत, लग्नाच्या मांडवात आपण आडनाव सांगितले की समोरचा गृहस्थ भुवया उंचावून विचारतो, "म्हणजे, त्या अमक्यांचे आपण कोण?" या प्रश्नाला खरे उत्तर बहुतेक वेळा "कोणीही नाही" असेच असते. पण ते उत्तर जिभेवर येण्यापूर्वी ओठांवर एक मंद स्मित येते. तोंडाने आपण खोटे बोलत नाही. नुसते हसतो आणि गप्प राहतो. मौन हे संमतीचे लक्षण मानण्याची आपली जुनी रीत आहे, तेव्हा त्या स्मिताचा अर्थ काय घेतला जाणार हे हसणाऱ्यालाही ठाऊक असते. आज आम्ही जे सांगणार आहोत ते या स्मिताविषयी आहे.

इतिहासात या विषयाची उदाहरणे विपुल आहेत, आणि त्यांतील सर्वांत मोठे आपल्या महाराष्ट्रातीलच आहे. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर मराठ्यांची एक पिढी कापली गेली. सेनापती सदाशिवरावभाऊ शेवटी घोड्यावरून गर्दीत शिरले ते परत दिसले नाहीत. त्यांचे शिर नसलेले प्रेत रणांगणावर सापडले व ओळखले गेले अशी हकीकत शुजाउद्दौल्याच्या पदरी असलेल्या काशीराजाने लिहून ठेवली आहे. तथापि पुण्यापर्यंत पोहोचल्या त्या अफवा. भाऊसाहेबांच्या पत्नी पार्वतीबाई यांनी पतीचा मृत्यू अखेरपर्यंत मानला नाही व सौभाग्यचिन्हे उतरविली नाहीत, असे इतिहासकार सांगतात. जे दुःख एका वाड्यात होते तेच थोड्याफार प्रमाणात साऱ्या मुलखात होते. ज्यांचे मुलगे, भाऊ, पती परत आले नव्हते अशी घरे हजारो होती. आणि भाऊसाहेब जिवंत असतील तर आपलाही माणूस कोठेतरी जिवंत असेल, अशी आशा त्या प्रत्येक घरात तेवत होती.

या आशेच्या उजेडात एक मनुष्य पुढे आला. सुखनिधान नावाचा तो उत्तरेकडील एक कनोजी ब्राह्मण. चेहरामोहरा भाऊसाहेबांशी जुळता, असे पाहणाऱ्यांनी म्हटले. पेशव्यांच्या दरबाराने चौकशी करून त्याला तोतया ठरविले आणि निरनिराळ्या किल्ल्यांवर कैदेत ठेवले. येथे ही गोष्ट संपावयास हवी होती, पण संपली नाही. १७७३ साली नारायणरावांचा खून झाला. रघुनाथराव इंग्रजांच्या आश्रयास गेले. गादीवर सवाई माधवराव हे अवघ्या दोनअडीच वर्षांचे बालक. अशा वेळी, १७७६ साली, रत्नागिरीचा अंमलदार रामचंद्र नाईक परांजपे याने तोतयाला बंधमुक्त केले व त्याच्या नावाने द्वाही फिरविली. पाहता पाहता हजारो लोक त्याच्या निशाणाखाली जमा झाले, कोकणातील किल्ल्यांमागून किल्ले त्याच्या हाती गेले आणि त्याची फौज घाट चढू लागली. अखेर महादजी शिंदे व भिवराव पानसे यांनी त्याचा मोड केला, आंग्र्यांनी त्याला पकडले, पुण्यास पुन्हा रीतसर चौकशी झाली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस त्याला देहांत शासन झाले. न. चिं. केळकरांनी या प्रसंगावर 'तोतयाचे बंड' हे नाटक लिहिले, ते आपल्यापैकी वडीलधाऱ्यांनी वाचले असेल.

या इतिहासाकडे आपण सहसा एका लबाडाची गोष्ट म्हणून पाहतो. आम्हास तो तसा अपुरा वाटतो. सुखनिधानाला भाऊसाहेब कोणी केले? त्याच्या नाकाडोळ्यांनी केले असे म्हणावे, तर पंधरा वर्षांनंतर भाऊसाहेबांचे नाकडोळे कोकणातल्या किती लोकांना आठवत होते? त्या काळी छायाचित्रे नव्हती. पुष्कळांनी भाऊसाहेबांना एकदाही पाहिलेले नव्हते. त्यांना पाहिजे होता तो कर्तबगार, वडीलधारा, घर सावरणारा पुरुष. आणि तो परत आला आहे असे कोणी सांगताच त्यांनी त्याला ओळखले. ही ओळख डोळ्यांची नव्हती, गरजेची होती. म्हणूनच त्या मनुष्याचा अपराध अधिक मोठा ठरतो. त्याने नाव चोरले, पदवी चोरली, हे तर खरेच. परंतु ज्यांच्या घरी पानिपताहून कोणी परतले नाही त्यांच्या आशेवर त्याने आपली गादी मांडली. परक्याची चूक आपल्या सोयीची आहे म्हणून ती दुरुस्त न करणे, या लहानशा पायरीवरून माणूस निघतो तो कोठवर जाऊ शकतो, याचा हा दाखला आहे.

आता दुसरी बाजू पाहा. थोर पुरुषाशी साम्य असणे हे प्रत्येक वेळी लाभाचे असते असे नाही. १८५७ च्या उठावानंतर नानासाहेब पेशवे नेपाळच्या तराईत गेले व दिसेनासे झाले. इंग्रज सरकारने त्यांच्यावर एक लाख रुपयांचे बक्षीस लावले होते. त्यानंतर कितीतरी वर्षे उत्तर हिंदुस्थानात कोणी गोसावी, कोणी बैरागी मराठी वळणाचा दिसला की तो नानासाहेब असल्याची बातमी उठे. १८७४ साली तर ग्वाल्हेरच्या जयाजीराव शिंद्यांनी असाच एक मनुष्य नानासाहेब म्हणून इंग्रजांच्या स्वाधीन केला. त्याला कानपुरास नेले. नानासाहेबांना प्रत्यक्ष पाहिलेल्यांना बोलावून त्याच्यासमोर उभे केले, तेव्हा तो नाना नव्हे असे दिसून आले. ज्या तोंडावळ्याने सुखनिधानाला फौज मिळाली, त्याच जातीच्या तोंडावळ्याने या गरीब बिचाऱ्याच्या गळ्याभोवती फास येऊन ठेपला होता.

विलायतेतही असे घडले. अडॉल्फ बेक नावाच्या एका गृहस्थाला १८९६ साली लंडनमध्ये अनेक स्त्रियांनी शपथेवर ओळखले, की आम्हाला सरदार असल्याची बतावणी करून लुबाडणारा भामटा तो हाच. सात वर्षांची शिक्षा झाली. सुटून आला तो १९०४ साली पुन्हा तोच आरोप, पुन्हा तीच ओळख, पुन्हा दोषी! सुदैवाने शिक्षा ठोठावली जाण्यापूर्वी खरा भामटा दुसऱ्याच एका लुबाडणुकीत सापडला आणि बेक निर्दोष ठरला. या प्रकरणाने इंग्लंडात एवढी खळबळ उडाली की १९०७ साली तेथे फौजदारी अपिलांसाठी स्वतंत्र न्यायालय स्थापन करण्यात आले. ज्या स्त्रियांनी साक्ष दिली त्या खोटारड्या नव्हत्या. त्यांची फसवणूक खरी होती. पण दुखावलेल्या मनाला जो चेहरा समोर दिसला तो पटला. तात्पर्य, परक्याची चूक फुले घेऊन येते तेव्हा आपण हसून स्वीकारतो. पण तीच चूक उद्या बेड्या घेऊनही येऊ शकते, याचा विसर पडू देऊ नये.

काही वेळा मनुष्य या घोटाळ्यात बोलण्यास अवसर मिळण्यापूर्वीच सापडतो. ८ मे २००६ रोजी लंडनला बी. बी. सी. च्या कचेरीत गाय गोमा नावाचे कांगो देशातील एक गृहस्थ नोकरीच्या मुलाखतीसाठी येऊन बसले होते. त्याच वेळी गाय क्यूनी नावाचे संगणक क्षेत्रातील एक जाणकार वार्तापत्रात बोलण्यासाठी यावयाचे होते. नावाच्या अर्ध्या साम्यावरून नेणाऱ्याने गोमांना नेले, तोंडाला रंग लावला, कॅमेऱ्यासमोर बसविले आणि साऱ्या जगादेखत एका खटल्याविषयी प्रश्न विचारले. आपली ओळख भलतीच करून दिली जात आहे हे ऐकताच त्यांच्या चेहऱ्यावर जे भाव उमटले ते पुढे जगभर पाहिले गेले. तरीही त्यांनी सभ्यपणे, जमतील तशी उत्तरे दिली. ज्या नोकरीसाठी ते आले होते ती मात्र त्यांना मिळाली नाही! क्यूनी महाशय तेवढ्यात बाहेरच्या दालनात बसून पडद्यावर आपल्या नावाने दुसराच कोणी बोलताना पाहत होते.

परंतु या विषयातील थोर उदाहरण निराळेच आहे, आणि तेथे आपण हसणे थांबवून नम्र व्हावे. १६६० साली सिद्दी जौहराने पन्हाळगडास वेढा घातला. महिन्यांवर महिने गेले. आषाढातील त्या पावसाळी रात्री शिवाजी महाराज गडावरून निसटले, तेव्हा एक पालखी महाराजांची विशाळगडाच्या वाटेने गेली आणि दुसरी मुद्दाम शत्रूच्या दृष्टीस पडेल अशा वाटेने. त्या दुसऱ्या पालखीत महाराजांसारखा पोशाख करून बसले होते शिवा काशीद. परंपरा सांगते की ते नाभिक समाजातील, पन्हाळ्याच्या पायथ्याच्या नेबापूरचे, आणि रूपाने महाराजांसारखे होते. पालखी पकडली गेली. शिवाजी सापडला म्हणून छावणीत आनंद झाला. काही घटका शत्रूने त्यांना महाराज मानले आणि तेवढ्या घटकांत महाराज पुढे गेले. मग खरी गोष्ट उघडकीस आली आणि शिवा काशीदांना प्राण द्यावे लागले. पुढे घोडखिंडीत बाजीप्रभूंनी खिंड अडविली हे सर्वांच्या तोंडी आहे. पण त्या खिंडीपर्यंत पोहोचण्याइतका अवधी ज्याने मिळवून दिला त्याचे नाव शाळेच्या पुस्तकात पुष्कळ उशिरा आले.

आमच्या मते या पुरुषात आणि सुखनिधानात सारा फरक सामावला आहे. दोघेही दुसऱ्याच्या नावाने ओळखले गेले. एकाने त्या नावाखाली आपल्यासाठी राज्य मागितले. दुसऱ्याने त्या नावाखाली आपले मरण स्वीकारले. तोंडावळा दोघांनाही दैवानेच दिला होता. त्याचा उपयोग कोणासाठी करावयाचा, एवढेच त्यांच्या हाती होते.

दुसऱ्या महायुद्धातील एक सौम्य उदाहरणही याच पंगतीत बसते. क्लिफ्टन जेम्स हा एक साधा नट. सैन्याच्या पगार खात्यात लेफ्टनंट होता. सेनापती मॉन्टगोमरी यांच्याशी त्याचे विलक्षण साम्य. १९४४ च्या मे महिन्यात, नॉर्मंडीवरील चढाईच्या ऐन तोंडावर, त्याला मॉन्टगोमरींचा वेष देऊन जिब्राल्टरला व तेथून अल्जीअर्सला पाठविण्यात आले. हेतू हा की चढाई भूमध्य समुद्राकडून होणार असे शत्रूस वाटावे. मॉन्टगोमरी दारूस व तंबाखूस शिवत नसत, म्हणून जेम्सलाही त्या दिवसांत दोन्ही वर्ज्य करावे लागले. पहिल्या महायुद्धात त्याने एक बोट गमावले होते. ते नकली लावावे लागले. कामगिरी संपताच तो मुकाट्याने परत आपल्या पगाराच्या वह्यांकडे गेला. आम्हास त्याच्या अभिनयापेक्षा हे परत जाणे अधिक कौतुकाचे वाटते. दुसऱ्याचा मान अंगावर घेतल्यावर तो वेळेवर उतरवून ठेवणे हे सोपे नाही.

आता आपण म्हणाल की ही सारी राजकारणातील आणि लढायांतील माणसे. आमच्यासारख्या संसारी माणसांचा यात काय संबंध? तेव्हा एक घरगुती अनुभव सांगतो. दहाबारा वर्षांपूर्वी आम्ही पंढरपुराहून मिरजेस पॅसेंजर गाडीने येत होतो. सांगोल्यास एक शेतकरी आपल्या सातआठ वर्षांच्या मुलीला घेऊन डब्यात चढला. मुलीच्या एका डोळ्यावर पट्टी होती. थोडा वेळ आमच्याकडे टक लावून पाहून तो उठला आणि आमच्या पायांवर हात ठेवून म्हणाला, "डागदरसाहेब, वळखलं मी तुमास्नी. पेपरात फोटू बघितलाय. पांडुरंगच भेटला म्हनायचा." त्याने ज्यांचे नाव घेतले ते एक विख्यात नेत्रवैद्य होते. त्यांचे नाव येथे घेत नाही; कारण आमच्या रूपाची उपमा त्यांना लागावी हे त्यांच्यावर अन्याय करणारे होईल.

आम्ही हात जोडून सांगितले, "बाबा, तो मी नव्हे. मी शाळेत भूगोल शिकविणारा मास्तर आहे." त्यावर त्याने डब्यातील मंडळींकडे वळून सांगितले, "मोठी मानसं अशीच बोलत्यात बगा." आम्ही पुन्हा नाकारले, तसा त्याचा विश्वास अधिकच दृढ झाला! नम्रता हे थोरांचे लक्षण आहे असे आपण मुलांना शिकवितो. त्याचा हा परिणाम. डब्यातील एक दोन सुशिक्षित प्रवासी आमच्याकडे पाहून हसत होते. एकाने तर हळूच सुचविले, "असू द्या हो, डोक्यावर हात ठेवा, तेवढेच समाधान!"

सूचना मायेपोटी होती. पण त्या मुलीकडे पाहिल्यावर ती मानणे शक्य नव्हते. आम्ही हात ठेवला असता तर तो मनुष्य मिरजेस उतरला असता का? मोठ्या डॉक्टरांनी पाहिले, "बरे होईल" म्हणाले, आता दवाखान्याचा खर्च कशाला, असे म्हणून तो पुढच्या गाडीने माघारी फिरला नसता कशावरून? त्या पट्टीखालचा डोळा आमच्या स्मिताने बरा होणार नव्हता. उलट त्या स्मितापायी गेलाही असता. आम्ही त्याला समोर बसविले आणि तिसऱ्यांदा, अगदी स्पष्ट शब्दांत, शाळेचे नाव, गावाचे नाव, आमचे आडनाव सांगितले. त्याचा चेहरा हळूहळू उतरला. तो क्षण आम्हास अजून आठवतो. दुसऱ्याची आशा आपल्या हाताने मोडावी लागणे हे काम सुखाचे नाही.

मग त्याने पिशवीतून कागद काढले. ते सर्व इंग्रजीत होते. कोणी लिहून दिले, कोठे जावयाचे, कोणत्या वारी, कोणत्या खिडकीपाशी, यांतले त्याला काहीच वाचता येत नव्हते. सांगोल्याच्या डॉक्टरांनी "मिरजेला जा" म्हटले एवढेच तो जाणत होता. डोळ्याची विद्या आमच्यापाशी नव्हती. इंग्रजी वाचण्यापुरती विद्या होती. तपासणीची वेळ त्याच दिवशी दुपारी एकपर्यंतची होती. आम्ही मिरजेस त्याच्याबरोबर उतरलो, रुग्णालयापर्यंत गेलो, कागद योग्य खिडकीपाशी दिले, आणि मुलीला आत बोलाविल्यावर निघालो. पुढे त्या मुलीचे काय झाले ते आम्हास कळले नाही. पण तेथून निघताना त्या बापाने "मास्तर, येतो" म्हटले. "डागदरसाहेब" म्हटले नाही. आम्हास मिळालेल्या पदव्यांत ही पदवी आम्ही वरची मानतो.

ही हकीकत सांगण्याचा हेतू आत्मस्तुतीचा नाही. त्यातून एक साधा नियम निघतो तो आपल्यापुढे ठेवावयाचा आहे. परका मनुष्य आपल्याला थोर समजतो तेव्हा पुष्कळदा त्याला त्या थोर माणसाकडून काहीतरी हवे असते: कधी नुसती सही, कधी दोन शब्द, कधी औषध. आपण गप्प राहिलो तर त्याला हवे असलेले मिळत नाही आणि ते मिळविण्याची वाटही बंद होते. आपण खरे सांगितले तर त्याची निराशा होते, परंतु वाट मोकळी राहते. आणि आपल्यापाशी जे थोडेबहुत खरोखर असते ते त्याच्या उपयोगी पडण्याचा संभव उत्पन्न होतो. आचार्य अत्र्यांचे 'तो मी नव्हेच' हे १९६२ सालचे नाटक आपण पाहिले असेल. प्रभाकर पणशीकरांचा लखोबा लोखंडे न्यायालयात स्वतःलाच नाकारतो आणि सुटू पाहतो. ते तीन शब्द लबाडाच्या तोंडी असे गाजले. पण खरे पाहता ते प्रामाणिक माणसाचे शब्द आहेत. जो मान आपला नाही तो समोर आला असता ते उच्चारण्यास शिकावे.

आता शेवटचा मुद्दा. आणि तो मंडळाविषयी आहे, म्हणून तो आम्ही स्वकीयांत बसून बोलत आहोत असे समजावे. थोर माणसाला न ओळखणे हीही या विषयाची दुसरी बाजू आहे. गाडगे महाराज (१८७६–१९५६) गावात येत तेव्हा अंगावर चिंध्या, हाती खराटा आणि मडक्याचे गाडगे. दिवसा ते रस्ता झाडीत. लोकांना वाटे, कोणी भिकारी आहे. रात्री कीर्तनाला उभे राहिले म्हणजे कळे की दिवसा आपल्या दारापुढची घाण ज्याने काढली तोच हा. न ओळखले जाण्याचा त्यांना राग नव्हता. काम होण्याशी त्यांना कर्तव्य होते.

आपल्या मंडळाच्या स्मरणिका आम्ही जुन्या अंकांपासून चाळल्या. प्रत्येक अंकात ज्ञातीतील नामांकित पुरुषांची छायाचित्रे आहेत. ती असावीत, त्यांचा अभिमान योग्यच आहे. पण त्यांतील काहींचा मंडळाशी संबंध केवळ आडनावापुरता. काही तर आपल्या ज्ञातीचे आहेत की नाहीत याविषयीही शंका आहे. आडनाव जुळले, आपण छायाचित्र छापले, आणि "ते आपलेच" असे सांगत राहिलो. एका व्यक्तीचे जे मंद स्मित, तेच साऱ्या मंडळाने केले तर त्याला काय म्हणावे? दुसरीकडे, आपल्या वसतिगृहात ज्या बाईंनी अठ्ठावीस वर्षे मुलांना दोन वेळा गरम अन्न घातले, ज्यांच्या हातची भाकरी खाऊन आज अनेक इंजिनियर, वकील व अधिकारी या सभागृहात बसले आहेत, त्यांचे छायाचित्र एकाही अंकात आम्हास आढळले नाही. ज्या वृद्ध कोषाध्यक्षांनी पावसापाण्यात घरोघर हिंडून वर्गणीचे रुपये गोळा केले आणि पैशापैशाचा हिशेब लिहिला, त्यांचे नाव ताळेबंदाखाली बारीक अक्षरात तेवढे आहे.

परक्याने आपल्याला चुकून थोर समजले तर ते क्षम्य आहे. त्याला आपली माहिती नसते. पण आपणच आपल्या माणसांना न ओळखावे, याला क्षमा कोणाकडे मागावयाची? म्हणून कार्यकारिणीपुढे आमच्या दोन नम्र सूचना आहेत. पहिली अशी की, पुढील अंकापासून 'ज्ञातिभूषण' सदरात एखाद्याचे नाव घालण्यापूर्वी त्याचा संबंध पडताळून पाहावा, आणि संबंध नसेल तर ते नाव वगळण्याचा धीर दाखवावा. वगळल्याने ज्ञातीचे काही उणे होणार नाही. दुसरी अशी की, तितकीच पाने मंडळाचे काम हाताने केलेल्या माणसांना द्यावीत, मग ती स्वयंपाकघरातील असोत, वर्गणी जमविणारी असोत की विद्यार्थ्यांना फुकट शिकविणारी असोत. त्यांची माहिती लिहून आणण्याचे काम तरुण सभासदांकडे सोपवावे. घरोघर जावे लागेल, बसून ऐकावे लागेल. आणि त्या निमित्ताने आपली एकमेकांशी खरी ओळख होईल. वसतिगृहातील त्या बाई आज पंच्याऐंशीच्या पुढे आहेत. त्यांच्यापासून आरंभ करावा आणि तो पुढच्या संमेलनाची वाट न पाहता करावा.

 चिटणिसांनी घालून दिलेली वेळ संपत आली आहे. ती मोडण्याइतके थोर आम्ही नाही. मंडळाचा उत्कर्ष होवो, वसतिगृहातील मुले खूप शिकोत, आणि आपली दोन्ही सूचनांवर सभेत मोकळेपणाने चर्चा होवो, एवढे बोलून आम्ही आपली रजा घेतो.